माशीच्या गळासाठीं हातजाळें कसें निवडावें?

मासे धरण्याच्या ज्या अनेक तऱ्हा मनुष्यानें शोधून काढिल्या आहेत, त्यांत माशीच्या गळाची तऱ्हा कांहीं निराळीच आहे. आपल्याकडील कोळी जाळें टाकितो तें पोटासाठीं. ओढ्याकांठचीं मुलें गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसतात. माशीच्या गळांत यांपैकीं कांहींच नसतें. एका बारीक गळाभोंवतीं पिसें, केस व रंगीत रेशीम गुंडाळून पाण्यावर उतरणाऱ्या किड्याची नक्कल करितात, आणि ती बनावट माशी पाण्यावर अशी अलगद टाकितात कीं माशाला ती खरी वाटावी. माशीला स्वतःचें वजन जवळजवळ नसतेंच. वजन असतें तें जाड दोरीचें, व तीच दोरी माशीला दूरवर वाहून नेते. इंग्लंडांत ही कला फार जुनी आहे. आयझाक वॉल्टन याचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला, आणि १६७६ सालच्या आवृत्तींत चार्ल्स कॉटन यानें माशीच्या गळासंबंधीं एक स्वतंत्र भाग त्यास जोडिला.

आपल्या देशांत ही विद्या आली ती ट्राउट माशाबरोबर. ट्राउट हा मूळचा येथील नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्कॉटलंडांतून आणविलेलीं त्याचीं अंडीं काश्मिरांत उबविण्यांत आलीं, आणि कुलू व निलगिरी या थंड प्रदेशांतहि ट्राउटची वस्ती झाली. आज काश्मिरांतील लिद्दर, हिमाचल प्रदेशांतील तीर्थन अशा नद्यांवर सरकारी परवाना काढून माशीच्या गळानें मासेमारी करितां येते. महाराष्ट्रांतील नद्यांचें पाणी ट्राउटला मानवेल इतकें थंड नसतें, म्हणून तो येथें आढळत नाहीं. तथापि सुट्टींत काश्मीर-हिमाचलाकडे जाणारीं कुटुंबें आपल्यांतहि पुष्कळ असतात, आणि एखादा मुलगा तेथील नदीकांठीं हा खेळ पाहून त्याच्या नादीं लागतो. मग काठी, दोरी व माश्या यांची खरेदी मोठ्या हौसेनें होते. हातजाळें मात्र सर्वांच्या शेवटीं, दुकानदार देईल तें, घेतलें जातें. आमच्या मतें हें योग्य नव्हे. काठी वाईट असली तर मासा मिळत नाहीं, एवढेंच नुकसान. जाळें वाईट असलें तर मिळालेला मासा व्यर्थ मरतो.

व्यर्थ मरतो असें म्हणण्याचें कारण असें कीं, या खेळांत पकडलेल्या माशांपैकीं पुष्कळसे परत पाण्यांत सोडून द्यावयाचे असतात. कोठें नियमच तसा असतो. कोठें ठराविक लांबीहून लहान मासा ठेवितां येत नाहीं. आणि कोठें खेळाडू आपखुषीनेंच तो सोडितो. सोडलेला मासा शेंपटी हलवून खोल पाण्यांत दिसेनासा झाला कीं, आपण त्याला जीवदान दिलें असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु तो त्यानंतर जगला कीं दोन दिवसांनीं एखाद्या दगडाखालीं मेला, हें पाहावयास कोणी थांबत नाहीं. त्याचें जगणें-मरणें बव्हंशीं शेवटच्या एक-दोन मिनिटांत ठरतें, आणि तीं मिनिटें तो जाळ्यांत असतो. म्हणून जाळ्याची निवड ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाहीं.

प्रथम, जाळें मुळांत हवेंच कशाला, हा प्रश्न घेऊं. दोरीच्या टोंकाला जो पारदर्शक धागा असतो, तो माशाला दिसूं नये म्हणून फार बारीक ठेवितात. नेहमींच्या वापरांतील एका धाग्याची जाडी इंचाचे हजार भाग केले असतां त्यांतील अवघे सहा भाग भरते. अशा धाग्यानें मासा उचलूं गेल्यास धागा तुटावयाचा. शिवाय काठी सुमारें ९ फूट व धागाहि बहुधा तितकाच लांब असल्यामुळें, मासा अगदीं पायांशीं आणणें हें अवघड काम होऊन बसतें. काठी मागें वांकवून, हात लांब करून, निसटत्या माशाला बोटांनीं धरूं पाहणारा नवशिका पांच-पांच मिनिटें धडपडत असतो. तेवढा वेळ मासा जीव तोडून ओढीत असतो. त्याच्या स्नायूंत अम्ल सांचतें, रक्तांतील प्राणवायु कमी होतो, आणि तो थकून गळून जातो. चांगलें जाळें ही झटापट लवकर संपवितें. हा त्याचा पहिला उपयोग होय.

दुसरा उपयोग समजण्यासाठीं माशाच्या शरीराची थोडी माहिती पाहिजे. मासा हातांत धरला असतां बुळबुळीत लागतो हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु तो बुळबुळीत थर म्हणजे कांहीं घाण नव्हे. आपल्या अंगाला जशी कातडी, तशी माशाला ती संरक्षक चिलखताची वरची घडी आहे. पाण्यांतील बुरशी व रोगजंतु यांना ती शरीरांत शिरूं देत नाहीं. कोरड्या हातानें, खरखरीत दोऱ्यानें किंवा वाळूवर घासल्यानें हा थर निघून जातो, खवले उचकटतात, पर फाटतात. आणि कांहीं दिवसांनीं त्या जागीं कापसासारखी पांढरी बुरशी धरते. तिसरी गोष्ट श्वासाची. माशाचे कल्ले म्हणजे पातळ पडद्यांच्या झालरी. पाण्यांत त्या पसरलेल्या राहतात, हवेंत येतांच एकमेकींस चिकटून बसतात. मासा हवेंत असतो तेव्हां त्याच्या भोंवतीं प्राणवायु भरपूर असतो, आणि तरीहि तो गुदमरत असतो.

या गुदमरण्याचा परिणाम किती होतो याविषयीं कॅनडांतील दोन शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रेनबो ट्राउट जातीच्या माशांना पाण्यांत पळवून पुरतें दमविण्यांत आलें. जे दमल्यावर पाण्यांतच राहिले, त्यांपैकीं बारा तासांत शेंकडा १२ मेले. ज्यांना ३० सेकंद हवेंत धरलें, त्यांपैकीं शेंकडा ३८ मेले. आणि ज्यांना ६० सेकंद धरलें, त्यांपैकीं शेंकडा ७२. हे मासे प्रयोगशाळेंतील होते व त्यांना मुद्दाम अतिशय थकविलें होतें, तेव्हां नदीवर नेहमींच इतका संहार होईल असें नव्हे. तरी छायाचित्रासाठीं मासा उचलून “जरा इकडे पाहा” असें म्हणण्यांत अर्धें मिनिट सहज जातें, हें ध्यानांत ठेवावें. ज्या जाळ्यांत मासा पाण्यांतच ठेवून गळ काढितां येतो, तें जाळें चांगलें. आमच्या सर्व विवेचनाचें सूत्र हेंच आहे.

आतां जाळ्याच्या भागांकडे वळूं. हातजाळ्याला तीन अंगें असतात: पिशवी, कडें आणि दांडा. दुकानांत गिऱ्हाइकाची नजर प्रथम कड्याच्या चकचकीत लांकडावर जाते. आम्ही सांगतों कीं, प्रथम पिशवी पाहावी. कारण माशाच्या अंगाला लागते ती पिशवी.

पिशव्या मुख्यतः तीन प्रकारच्या मिळतात. पहिली गांठी मारून विणलेल्या नायलॉनची. ही स्वस्त व टिकाऊ. पण तिची प्रत्येक गांठ माशाच्या अंगावर कानसेसारखी फिरते. दुसरी बिनगांठीच्या मऊ विणीची. हिची भोकें बारीक असतात, ती हलकी असते, पण गळाचें टोंक हिच्या दोऱ्यांत वारंवार अडकतें. तिसरी रबराची किंवा रबराचा लेप दिलेली. ही गुळगुळीत असते, गळ तींत सहसा रुतत नाहीं, व ती झटकल्याबरोबर कोरडी होते. कॅनडांतच २००३ सालीं ब्लूगिल नांवाच्या माशावर निरनिराळ्या विणींची तुलना प्रसिद्ध झाली. तींत गांठीच्या विणीनें माशांस इजा अधिक होते असें आढळलें. इंग्लंडांत तर गळानें मासे धरण्याच्या नियमांनीं गांठीच्या विणीचें व धातूच्या जाळीचें हातजाळें वापरण्यास बंदीच आहे. तेव्हां गांठीची पिशवी किती का स्वस्त मिळेना, ती घेऊं नये. रबराची व बिनगांठीची यांत रबराची बरी, असें आमचें मत आहे; मात्र ती जड असते, आणि वाहत्या पाण्यांत तिला ओढ बसते. लहान मुलाचें मनगट तेवढें बळकट नसेल तर पातळ रबराची किंवा बिनगांठीची हलकी पिशवी पत्करावी.

पिशवीची परीक्षा करण्यास फार विद्या लागत नाहीं. ती आपल्या गालावरून किंवा मनगटाच्या आंतल्या बाजूवरून दाबून फिरवावी. जी तेथें ओरखडते ती माशालाहि ओरखडणार. भोकें किती मोठीं आहेत तें पाहावें; करंगळीचें टोंक सहज आरपार जात असेल तर लहान माशाचे पर व शेंपूट त्यांत अडकून फाटण्याचा संभव असतो. नंतर खोली पाहावी. पिशवी फार खोल असली तर मासा तळाशीं दुमडून पडतो व त्याच्या अंगाखालीं हात घालून त्याला बाहेर काढावें लागतें. फार उथळ असली तर एका उडीसरशीं तो बाहेर पडतो. मासा सोडून द्यावयाचा असेल तर सपाट तळाची, मध्यम खोलीची पिशवी उत्तम. तींत तो पाळण्यांतल्या मुलासारखा आडवा राहतो व त्याचें तोंड आपल्यासमोर असतें.

कड्याचा आकार आपण कोणत्या पाण्यावर जाणार यावरून ठरवावा. डोंगरी ओढ्यांतील ट्राउट बहुधा वीत-दीडवीत लांबीचा असतो. त्यासाठीं आंतून १२ ते १४ इंच लांबीचें कडें पुरेसें होतें. मोठ्या नदीवर १६ ते १९ इंचांचें घ्यावें. सामान्य नियम असा कीं, ज्या मोठ्यांत मोठ्या माशाची आपण खरोखर अपेक्षा करितों, त्याच्या लांबीपेक्षां कडें आंखूड नसावें. “मासे लहानच मिळतात, मग जाळें मोठें कशास?” असें कोणी विचारील, त्यावर उत्तर असें कीं, मोठ्या जाळ्यांत लहान मासा सुखानें मावतो, पण लहान जाळ्यांत मोठा मासा घालण्याची खटपट करणें म्हणजे त्याचें डोकें आंत व धड बाहेर ठेवून त्याला आणखी दमविणें होय. याच्या उलट, झाडीच्या अरुंद ओढ्यांत भलें मोठें जाळें पाठीवर घेऊन चालणें म्हणजे प्रत्येक कांटेरी झुडुपाशीं भांडण उकरून काढणें आहे.

दांड्याची लांबी उभें राहण्याच्या जागेवर अवलंबून आहे. गुडघाभर पाण्यांत उभें राहून मासे धरावयाचे असतील तर ८ ते १० इंचांचा आंखूड दांडा पुरतो, कारण मासा हाताशींच येतो. कांठ उंच असेल किंवा नावेंतून मासेमारी करावयाची असेल, तर दोन-तीन फुटांचा, किंवा एकांत एक सरकून लांब होणारा दांडा पाहिजे. आंखूड दांड्याचें जाळें घेऊन उंच कांठावरून वांकणारा मनुष्य माशापेक्षां स्वतःच अधिक संकटांत असतो. येथें पालकांस एक सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. बर्फाचें पाणी थंड व वेगवान असतें, तळचे दगड शेवाळलेले असतात. मुलांनीं अशा पाण्यांत एकट्यानें कधींहि उतरूं नये, आणि हातजाळ्याचा दांडा ही आधाराची काठी समजूं नये.

कडें व दांडा कशाचा असावा हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागें ठेविला. कारण माशाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व सर्वांत कमी आहे. लांकडी कडें दिसण्यांत सुंदर, हातांत उबदार व पाण्यावर तरंगणारें असतें. मात्र त्याचें रोगण जेथें उडेल तेथें पाणी शिरून लांकूड कुजूं लागतें, म्हणून दरसाल त्याची देखभाल करावी लागते. ॲल्युमिनियमचें कडें हलकें व स्वस्त असतें, पण दगडावर आपटलें कीं खणखणतें व वांकतें. कार्बनच्या तंतूंचें कडें फार हलकें व फार महाग. ज्यांस सुतारकामाची आवड आहे त्या विद्यार्थ्यांनीं लांकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून, सांच्याभोंवतीं वांकवून, वाळल्यावर त्या एकमेकींस सरसानें चिकटवाव्या, शिकंज्यांत आवळून ठेवाव्या, व अशा रीतीनें कडें घरींच करून पाहावें. पाण्यांत न सुटणारा सरस मात्र त्यासाठीं पाहिजे. पिशवी तेवढी विकत आणावी. स्वतः केलेल्या वस्तूची निगा मनुष्य अधिक राखतो, हा अनुभव सर्वत्र येतो.

जाळें बाळगण्याची सोयहि खरेदीच्या वेळींच पाहावी. तें बहुधा पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्यें, लोहचुंबकानें अडकवितात. हात मागें नेऊन ओढलें कीं सुटतें. परंतु चुंबकाबरोबर एक दोरी बांधलेली असलीच पाहिजे, नाहींतर हातांतून निसटलेलें जाळें प्रवाह घेऊन जातो. ही दोरी फार ताणणाऱ्या रबराची नसावी. झुडुपांत जाळें अडकतें, माणूस पुढें चालत राहतो, दोरी ताणत जाते, आणि फांदी सुटतांच जाळें पाठीवर किंवा मानेवर सणसणीत येऊन बसतें.

उत्तम जाळें घेतलें तरी तें वापरण्याची रीत चुकली तर सर्व व्यर्थ. नवशिका जाळें घेऊन माशाच्या मागें धांवतो व त्याच्या शेंपटीकडून झडप घालतो. स्पर्श होतांच मासा उसळी मारून पुढें पळतो आणि धागा तुटतो. जाणता मनुष्य जाळें आधींच पाण्यांत बुडवून स्थिर धरितो, काठी उंच करून माशाचें डोकें पाण्याच्या पृष्ठाशीं आणितो, आणि त्याला डोक्याकडून जाळ्यावर सरकवितो. जाळें माशाकडे न्यावयाचें नसतें, मासा जाळ्यावर आणावयाचा असतो. मासा आंत आल्यावर कडें पाण्याबाहेर काढावें, पण पिशवी पाण्यांतच राहूं द्यावी. हात आधीं ओले करावे. गळाला उलटा कांटा नसेल तर तो बोटांच्या एका वळणानें निघतो. म्हणून बिनकांट्याचा गळच वापरावा. त्यानंतर माशाचें तोंड प्रवाहाकडे ठेवून तो आपण होऊन निघून जाईपर्यंत जाळें स्थिर धरावें. त्याला फेंकूं नये. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापलें असेल त्या दिवशीं ट्राउटची मासेमारी बंद ठेवावी, कारण गरम पाण्यांत प्राणवायु कमी असतो व दमलेला मासा सांवरत नाहीं.

घरीं परतल्यावर जाळें धुऊन पूर्ण वाळवावें. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाहीं. न्यूझीलंडांत २००४ सालीं ‘डिडिमो’ नांवाचें एक सूक्ष्म शेवाळ आढळलें. त्याचा एकेक जीव उघड्या डोळ्यांस दिसत नाहीं, पण त्यांची वाढ झाली म्हणजे नदीच्या तळावर जाड गोधडी पसरल्यासारखी दिसते. अशा वनस्पति व माशांचे रोग ओल्या जाळ्यांतून, बुटांतून एका नदींतून दुसरींत जाऊं शकतात. बाहेरून आलेली एक वनस्पति नदीची काय दशा करिते हें ज्यांनीं आपल्याकडील जलपर्णीनें भरलेलें नदीचें पात्र पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. रबराची पिशवी लवकर वाळते, हा तिचा आणखी एक गुण येथें उपयोगी पडतो.

ट्राउट दूरचा म्हणून हें सर्व दूरचें, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या नद्यांचा राजा महाशीर हाहि गळाच्या खेळाचा प्रसिद्ध मासा आहे, आणि त्याच्या कित्येक जाती आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या जलविद्युत्-कंपनीनें महाशीराचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें केंद्र गेल्या शतकांत सुरू केलें, व तेथील पिलें देशांतील अनेक जलाशयांत सोडण्यांत आलीं. एक पिलूं वाढविण्यास इतके कष्ट पडतात, आणि एक पूर्ण वाढलेला मासा निष्काळजीपणानें मारण्यास एक मिनिटहि लागत नाहीं. महाशीर ट्राउटपेक्षां पुष्कळ मोठा होत असल्यामुळें त्याला लांबरुंद पिशवीचें जाळें लागतें. तें जवळ नसेल तर त्याला उथळ पाण्यांतच ओल्या हातांनीं धरून गळ काढावा, कोरड्या कांठावर ओढूं नये.

सारांश, जाळें घेतांना क्रम असा ठेवावा: आधीं पिशवीची वीण, मग तिचा तळ, मग कड्याचें माप, मग दांड्याची लांबी, आणि पैसे उरलेच तर लांकडाचा रंग. दुकानांत वस्तु दाखविणारा बोलतो, घेणारा बोलतो. ज्याच्यासाठीं ती वस्तु आहे तो मासा तेथें नसतो. त्याच्या वतीनें चार प्रश्न आपणच विचारले पाहिजेत. ज्या पालकांकडे मुलगा किंवा मुलगी असें जाळें मागेल, त्यांनीं किंमत विचारण्यापूर्वीं पिशवी एकदां गालावरून फिरवून पाहावी, आणि मुलालाहि तसें करावयास सांगावें.